वाळवणाचे स्मरणरंजन आणि 'प्रक्रिया' हा शब्द

मराठी ललित लेखनात उन्हाळ्यातले वाळवण हमखास येते. गच्चीवर पसरलेली धोतरे, कावळे हाकलणारी मुले, चोरून खाल्लेल्या पापडाच्या लाट्या. मग लेखक बाजारातल्या पाकिटाकडे वळतो आणि ती चव गेल्याची खंत करतो. घरचे ते नैसर्गिक आणि पाकिटातले ते प्रक्रिया केलेले, ही विभागणी त्याने गृहीत धरलेली असते. ती तपासायला हवी.

कुरडईच घ्या. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक गाळून निवळू द्यायचा, शिजवायचा, सोऱ्यातून पाडून कडक उन्हात वाळवायचा. ही गव्हातला स्टार्च वेगळा काढण्याचीच प्रक्रिया आहे. पाणी गेले की बुरशी धरत नाही, पदार्थ वर्षभर टिकतो. अन्न टिकवण्याचा हाच प्रश्न युरोपात सैन्य आणि आरमारापुढेही होता. फ्रान्समध्ये निकोला आपेर याने अन्न बाटल्यांत भरून, बुचे घट्ट बसवून, त्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची पद्धत बसवली. सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले. अट एकच, पद्धत छापून सर्वांना खुली करायची. त्याचे पुस्तक १८१० साली निघाले. सूक्ष्मजीवांचे कारण पाश्चरच्या संशोधनातून पुढे उलगडले. आपल्या पणज्यांचे ज्ञानही याच जातीचे होते: आधी अनुभव, कारण मागाहून.

स्मरणरंजनातून गळतात ते बाईचे श्रम. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन विक्रीसाठी पापड लाटायला घेतले. त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. पोळपाट-लाटणे तेच, पण लाटण्याला मोल मिळाले. विकत घेणाऱ्या घरातल्या बाईचा उन्हाळाही थोडा मोकळा झाला. हा लाभ आपल्या ललित लेखनाने क्वचितच नोंदवला आहे.

म्हणून प्रत्येक पाकीट निर्दोष ठरत नाही. ब्राझीलचे कार्लोस मोंतेरो यांच्या 'नोव्हा' वर्गीकरणात अन्नाचे चार गट आहेत. त्यांचा रोख चौथ्या गटावर, म्हणजे कृत्रिम स्वाद, रंग, इमल्सिफायर यांच्या जुळणीतून कारखान्यात बनणाऱ्या पदार्थांवर आहे. डबाबंद भाज्या आणि चीज तिसऱ्या गटात बसतात. प्रक्रियेचा इतका कडवा टीकाकारही सगळ्यांना एका मापाने मोजत नाही.

आपल्या लेखकांनीही प्रक्रिया कोणती, ती कोणाच्या हातांनी झाली आणि त्या हातांना काय मिळाले, हे विचारावे. मग गच्चीवरचे ऊन लिहिताना त्या उन्हात बसलेली बाईही लिहावी लागेल.