गच्चीचा हिशेब

नरकचतुर्दशीचा फराळ आटोपला आणि दरवर्षीप्रमाणे पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' पुन्हा हातात घेतली. १९५८ साली आलेले हे पुस्तक आपल्याकडे घरोघरी इतके वाचले गेले आहे की, त्यावर नवे काही लिहायला बसणे म्हणजे तळून झालेल्या चकलीला काटे काढण्यासारखेच! तरीही या खेपेस मी एका प्रकरणापाशी अडखळले. प्रकरण आपल्या ओळखीचेच आहे : 'गच्चीसह झालीच पाहिजे'. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचे ते विडंबन म्हणून आजवर मी हसत आले. यंदा मात्र एक साधा प्रश्न मनात आला. या भाडेकरूंनी मागितले तरी काय? खोली वाढवून नव्हे, गच्ची मागितली. म्हणजे सगळ्यांची, आणि म्हणूनच कुणा एकाची नसलेली जागा.

विनोदकार माणसांच्या लकबी टिपतो, असे आम्ही वर्गात शिकवतो. पण लकबी दिसायला माणसे आधी एकमेकांसमोर यावी लागतात. पुलंची चाळ बोलते ती गॅलरीत, जिन्यावर, नळापाशी. एवढ्या जागा काढून घेतल्या तर मागे उरतील ती नुसती बंद दारांआडची बिऱ्हाडे, आणि मग पुस्तकही उरणार नाही. पुस्तकातील माणसांवर आपण सर्वांनी प्रेम केले. ज्या रचनेने ती माणसे घडवली तिच्याकडे मात्र, टीकाकारांसकट, कुणी फारसे पाहिले नाही.

एक उणीवही सांगितली पाहिजे. चाळीतल्या बायकांचे कष्ट या हास्यात बरेचसे विरून जातात. पहाटे नळावर रांग धरणारी, सामाईक संडासासाठी ताटकळणारी बाई गॅलरीचे गोडवे गाणार नाही. तिला घरात नळ हवा, स्वतंत्र मोरी हवी, आणि ती मिळालीच पाहिजे. चाळ होती तशी जपा, असे म्हणणारा माणूस बहुधा चाळीत राहत नसतो!

आता पुस्तक मिटून खऱ्या गिरगावाकडे वळू. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावेच सांगतात की येथे एके काळी बागा होत्या. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली येथल्याच केशवजी नाईकांच्या चाळींत सुरू झाला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला आधार मिळाला, पण तेवढ्या भाड्यात मालकाला डागडुजी परवडेना. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले, उपकर बसला. तरी पावसाळ्यात चाळी कोसळायच्या थांबल्या नाहीत. मग १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या कलमाने तोडगा काढला : भाडेकरूला मोफत घर आणि बांधणाऱ्याला विकण्यासाठी जादा चटईक्षेत्र.

या तोडग्याने पुष्कळांना डोक्यावर धड छप्पर मिळाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच्या हिशेबात मोजले जाते ते ज्याच्या-त्याच्या ताब्यातले क्षेत्र. गॅलरी आणि अंगण कुणाच्याच नावावर नसल्याने त्यांची वकिलीही कुणी करीत नाही. अंगणाच्या जागी मोटारींचे मजले चढतात, आणि मोफत घराचा देखभालखर्च न झेपल्याने जुना रहिवासी दूरच्या उपनगरात निघून जातो. १९९५ पासून मुंबईत एकट्या वास्तूंप्रमाणे अख्खे परिसरही वारसा म्हणून नोंदवता येऊ लागले. हे उत्तम झाले. पण लाकडी कठडा राखला आणि कठड्याशी उभा राहणारा गेला, तर आपण नेमके काय राखले?

माझ्या वर्गात 'आमचे शेजारी' हा निबंध मी वर्षानुवर्षे देते. चाळीतला एक मुलगा सहा शेजाऱ्यांविषयी भरभरून लिहीत असे. चाळीच्या जागी इमला उभा राहिला आणि तो चौदाव्या मजल्यावर गेला. त्या वर्षी त्याने लिहिले : 'समोरच्या दारावर पाटी आहे, पण तेथले लोक मी पाहिलेले नाहीत.' शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. गुण किती द्यावेत हे मला बराच वेळ सुचेना.

म्हणून वाटते, नगररचना करणाऱ्यांनी प्रत्येक बिऱ्हाडाच्या चौरस फुटांबरोबर सामाईक जागेचेही चौरस फूट भाडेकरूच्या हक्कात धरावेत. मोडकळीस न आलेल्या घराची आधी दुरुस्ती व्हावी. पाडणे अटळ असेल तेथे उंची गल्लीच्या रुंदीला शोभेल अशी असावी. आणि देखभालीचा खर्च जुन्या रहिवाशाला पेलेल, याची तरतूद बांधकामाआधीच व्हावी.

'बटाट्याची चाळ' यंदाही वाचा, मनमुराद हसा. फक्त गच्चीचे प्रकरण आले की थोडे थांबा. त्या भाडेकरूंची मागणी आपण समजत होतो तितकी हास्यास्पद नव्हती.