पुनर्वसनातील कुटुंब : एक टीकात्मक विचार

नैसर्गिक आपत्तीने विस्थापित झालेल्या कुटुंबाला घर बांधून दिले म्हणजे त्याचे पुनर्वसन झाले, असे शासनव्यवहारात बहुधा गृहीत धरले जाते. हे गृहीत कितपत टिकते, हे तपासावयाचे तर किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसन-कार्यक्रमाकडे वळावे लागते.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने राज्य शासनाने कार्यक्रम आखला. अत्यंत हानी झालेली 52 गावे नव्या जागी वसविण्याचे ठरले. इतर हजाराहून अधिक गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करावयाचे होते. एवढे कार्य काही वर्षांत उभे राहिले, ही गोष्ट लहान नव्हे. टीका करावयाची ती या कर्तृत्वाचा मान राखूनच केली पाहिजे.

स्थलांतरित गावांत घराचे क्षेत्रफळ कुटुंबाच्या जमीनधारणेवरून ठरविण्यात आले. भूमिहीनांस व एक हेक्टरपर्यंत जमीन असणारांस 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांस 400, आणि त्याहून अधिक जमीन असणारांस 750 चौरस फूट. प्रशासनाच्या दृष्टीने ही कसोटी सोयीची होती, कारण सातबारा हाताशी होता. परंतु सातबारा जमिनीची नोंद करतो, कुटुंबाची नव्हे. घरात खाणारी तोंडे किती, कर्ता पुरुष गेल्यावर संसार कोणाच्या शिरावर आला, सुताराला अवजारे व लाकूड ठेवण्यास जागा हवी की नको, या प्रश्नांना त्यात स्थान नाही. पूर्वीची विषमता त्यामुळे नव्या गावाच्या रचनेतच पक्की झाली.

दुरुस्तीच्या गावांत मात्र एक उल्लेखनीय प्रयोग झाला. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. घरमालकांना योजना समजावून देणे, अभियंत्यांशी गाठ घालून देणे, अडचणी वर पोचविणे ही त्यांची कामे होती. कुटुंबाची खरी माहिती या स्त्रियांपाशी होती. पण निर्णयाचा अधिकार नव्हता. अधिकार महसूल व अभियांत्रिकी यंत्रणेकडे होता. तिला कुटुंबाची ओळख नव्हती. ओळख आणि अधिकार यांची ही फारकत हाच या व्यवस्थेचा मूलभूत दोष होय.

हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. कतरिना वादळानंतर अमेरिकेने 2006 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून आपद्ग्रस्त कुटुंबांसाठी स्वतंत्र साहाय्यकाची तरतूद केली. हा साहाय्यक कुटुंबाबरोबर बसून पुनरुभारणीचा आराखडा करतो व निरनिराळ्या संस्थांशी त्याची गाठ घालून देतो. तथापि त्याच्या हाती स्वतःचा निधी नसतो, आणि सेवेची मुदतही साधारणतः आपत्ती जाहीर झाल्यापासून 24 महिन्यांची असते. म्हणजे तेथेही ओळख आहे, अधिकार तोकडा आहे.

प्रत्येक कुटुंबामागे एक माणूस नेमणे आपल्या राज्याला परवडणार नाही, असा आक्षेप येईल. तो निराधार नाही. पण येथे अपेक्षा तेवढी मोठी नाही. कुटुंबाचे एकच प्रकरण असावे, व त्यात जमिनीइतकीच माणसांची, व्यवसायाची व कर्जाची नोंद असावी. त्याला एक उत्तरदायी अधिकारी असावा, आणि बदली झाल्यास प्रकरण रीतसर दुसऱ्याच्या स्वाधीन व्हावे. उपजीविका पुन्हा सुरू झाल्याची खात्री कुटुंबाच्या तोंडून झाल्याखेरीज ते निकाली काढू नये. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने साहाय्याच्या किमान मानकांत विधवा व अनाथ यांच्यासाठी विशेष तरतुदी आणि उपजीविकेची पुनःस्थापना यांचा अंतर्भाव केला आहे. उणीव आहे ती या तरतुदी एका कुटुंबापर्यंत अखेरपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेची.

नागपूरच्या अभ्यासकांना या प्रश्नासाठी दूर जावयास नको. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने याच जिल्ह्यातील मोवाड उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे दगावली. तीन दशकांहून अधिक काळ लोटला असून त्या वेळची मुले आज कर्ती झाली आहेत. त्या कुटुंबांचा उपजीविकेच्या अंगाने अभ्यास झाला, तर पुनर्वसनाचे यश किती वर्षांनी व कशाने मोजावे, या प्रश्नाला अनुभवाचा आधार मिळेल. तोवर बांधलेल्या घरांची संख्या ही पुनर्वसनाची कसोटी म्हणून स्वीकारणे शास्त्रीय ठरणार नाही.