आरशातून सांगितलेलं आयर्लंड

आयर्लंडच्या कोच टूरमध्ये बस चालवणारा आणि माइकवर बोलणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. ड्रायव्हर-गाइड. हात चाकावर, नजर रस्त्यावर, ओठांशी बारीक माइक आणि श्रोते सगळे पाठीमागे. कीर्तनकाराला समोर बसलेल्यांचे चेहरे वाचता येतात. याच्या वाट्याला येतो तो डोक्यावरचा एक लांबट आरसा. डब्लिनहून निघायचं, पश्चिम किनारा धरायचा, दक्षिणेला वळून परत यायचं, ही आठवडाभराची फेरी कितीतरी कंपन्या विकतात आणि थोड्याफार फरकाने थांबेही तेच असतात. मग बघायचं काय, तर या ठरलेल्या मालातून हा माणूस काय घडवतो ते. आमचा गाइड केरी परगण्यातला होता, बोलण्यात सावकाश, आणि आपल्या कामात पक्का मुरलेला.

डब्लिनमध्ये मेरियन स्क्वेअरला तो बस जवळजवळ चालत्या माणसाच्या वेगावर आणतो. अठराव्या शतकातली जॉर्जियन घरं, प्रत्येकाचं दार वेगळ्या रंगाचं. हे रंग कशासाठी? रात्री झिंगून परतणाऱ्या नवऱ्याला आपलंच घर सापडावं म्हणून, असं तो सांगतो तेव्हा त्याची नजर आरशात असते, कोण हसलं ते टिपत. पुढचं वाक्य मात्र रस्त्याकडे बघत, सपाट सुरात येतं: दारं सोडा, खिडक्यांच्या उंचीकडे बघा. दिवाणखान्याच्या म्हणजे पहिल्या मजल्याच्या खिडक्या सर्वांत उंच, त्यावरच्या आखूड, आणि अगदी वर छताखालच्या जवळपास चौकोनी. विटांच्या त्या साध्या दर्शनी भिंतीवर नक्षी नावापुरतीच आहे. सारी शोभा या उतरत्या प्रमाणात साठवलेली आहे. हे एकदा कळलं की अख्ख्या रस्त्याला लय येते. आणि आणखी एक गोष्ट कळते. आरशात बघून सांगितलेलं ते दंतकथेच्या खात्यात, रस्त्याकडे बघून सांगितलेलं ते इतिहासाच्या. 'असं म्हणतात' हे शब्द एकदाही न उच्चारता दोन्ही खाती आठवडाभर वेगळी ठेवणं, ही निवेदनातली फार वरची पायरी आहे.

(तिथून जवळच, मेरियन स्ट्रीटवर, सरकारी कार्यालयांची इमारत येते. गाडीत भारतीय दिसले की लिओ वराडकरांचा उल्लेख ठरलेला. २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झालेल्या या माणसाचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, हे त्याला ठाऊक होतं. हे त्याने रस्त्याकडे बघून सांगितलं.)

डब्लिनच्या उत्तरेला, बॉइन नदीच्या वळणात, न्यूग्रेंज आहे. इथे आमच्या गाइडने केलेली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे तो गप्प राहिला. एरवी दर दोन मैलांना काहीतरी सांगणारा माणूस त्या सकाळी हवामानाखेरीज काही बोललाच नाही. नदीच्या अलीकडे केंद्र, मग पायपूल, मग तिथली छोटी बस, आणि मग त्या स्थळाचा स्वतःचा गाइड. दुसऱ्याच्या मैफलीआधी आपण गाऊ नये हे भान फार थोड्यांना असतं.

इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचं हे दफनस्थळ; गिझाच्या पिरॅमिडपेक्षा काही शतकांनी जुनं. बाहेरून पांढऱ्या गारगोटीची भिंत डोळ्यात भरते, पण ती बरीचशी उत्खननानंतरची पुनर्रचना आहे आणि तिच्याबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. मला विचाराल तर ती थोडी जास्तच नीटनेटकी झाली आहे. नजर वळवावी ती दाराशी आडव्या पडलेल्या, सर्पिलांनी कोरलेल्या दगडाकडे, आणि मग दाराच्या वरच्या अंगाला ठेवलेल्या चौकटीसारख्या झरोक्याकडे. आत जायला जेमतेम माणूस मावेल असा सुमारे १९ मीटरांचा मार्ग, दोन्हीकडे उभ्या शिळा, मधे मधे अंग चोरून तिरकं व्हावं लागतं. चालताना जाणवत नाही, पण जमीन हळूहळू चढत असते. टोकाच्या दालनात पोचेपर्यंत तुमचे पाय जवळपास बाहेरच्या त्या झरोक्याच्या पातळीवर आलेले असतात. दारातून येणारा उजेड म्हणूनच अर्ध्या वाटेत थांबतो. दालनापर्यंत पोचू शकतो तो फक्त झरोक्यातून येणारा. वर्षाच्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास, सूर्य उगवल्यावर काही मिनिटांनी, तो पोचतो आणि सुमारे १७ मिनिटं राहतो. १९६७ च्या २१ डिसेंबरला पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ'केली आत उभे राहिले आणि त्यांनी तो पाहिला. आता त्या पहाटेच्या जागांसाठी सोडत काढतात.

बाकीच्यांसाठी तिथला गाइड दिवे घालवतो. हा काळोख किती वेळ ठेवायचा, यात सगळी कला आहे. लगेच दिवा लावला तर ती नुसती करामत होते. आमच्या वाट्याला आलेल्या गाइडबाईंनी पहिली कुजबुज विरू दिली, कुणाचं तरी अवघडलेलं हसू विरू दिलं, आणि स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला तेव्हा कुठे मार्गाच्या टोकाकडून एक पिवळी रेघ जमिनीवरून सरकत आली. साधा विजेचा दिवा. तो आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी कुणी हललं नाही.

पण मला त्याहून मोठी वाटते ती न दिसणारी कारागिरी. डोक्यावर सहा मीटर उंचीपर्यंत दगडांचे थर एकेक करून आत झुकत आलेले आहेत, चुना नाही, कमान नाही, आणि पाच हजार वर्षांत हे छत गळलेलं नाही. मार्गावरच्या छतशिळांच्या पाठीवर, जिथे कुणाची नजर कधी पडणारच नव्हती तिथे, पावसाचं पाणी बाजूला काढायला पन्हळी कोरलेल्या सापडल्या. फटींत जळकी माती आणि समुद्राची वाळू भरलेली होती. या स्मारकाचं वय ठरवायला पुढे तीच जळकी माती कामी आली. पाणी अडवायला भरलेल्या लिंपणाने काळही धरून ठेवावा, याहून देखणा योगायोग मला माहीत नाही.

शॅनन नदीकाठचं क्लॉनमॅकनॉइज, सहाव्या शतकातला संत कीरनचा मठ, दुपारच्या पावसात उरकला गेला. एवढंच नोंदवतो: कोरीव क्रूस आता आत संग्रहालयात आहेत आणि बाहेर वाऱ्यात त्यांच्या प्रतिकृती उभ्या आहेत. गाइडने आधी बाहेरचं दाखवलं, मग आतलं. आधी जागा, मग दगड. उलट क्रमाने पाहणाऱ्यांना बाहेर आल्यावर प्रतिकृती नुसती नक्कल वाटते.

पश्चिमेला किलरीची खाडी लागते तेव्हा या माणसाचा खरा हात दिसतो. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबायचं, हा युरोपीय नियम. टॅकोग्राफ मिनिटामिनिटाची नोंद ठेवतो. ही विश्रांती १५ आणि ३० अशी फोडता येते. बहुतेक चालक ती चहाच्या आणि स्वेटरांच्या दुकानाशी खर्चतात (ही दुकानं या फेरीचा सर्वांत कंटाळवाणा भाग, आणि आमच्या वाट्यालाही ती आलीच). त्याने १५ मिनिटं राखून ठेवली होती ती या ओसाड काठासाठी, आणि तीही ऊन कलल्यावर. समोरच्या डोंगराकडे बोट करून विचारलं, काय दिसतंय? गवत, मेंढ्या, गडगे, अशी उत्तरं आली. तो काही बोलला नाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की उतारावर समांतर रेघा आहेत, थेट वरपर्यंत, माणूस उभा राहणार नाही अशा चढावरही. बटाट्याचे वरंबे. १८४५ मध्ये पिकावर करपा पडला, पुढेही पडत राहिला, आणि हे उतार पुन्हा कुणी कसले नाहीत. भर दुपारी या रेघा दिसत नाहीत. त्या दिसतात सावलीमुळे, म्हणून ऊन तिरकं लागतं. आकडे त्याने गाडी सुरू झाल्यावर सांगितले: १८४१ च्या जनगणनेत ८१ लाखांवर माणसं, १८५१ च्या जनगणनेत ६५ लाखांवर. सुमारे दहा लाख मेली, तितकीच देश सोडून गेली. बेटाच्या दोन्ही भागांची मिळून आजची लोकसंख्या ७० लाखांच्या आसपास, म्हणजे १८४१ चा आकडा अजून गाठलेला नाही. आधी आकडे आणि मग डोंगर असं झालं असतं, तर आम्ही डोंगराकडे चित्र म्हणून बघितलं असतं.

बरनमध्ये त्याने सगळ्यांना वाकायला लावलं. क्लेअर परगण्यातला हा चुनखडीचा माळ लांबून नुसता राखाडी दिसतो, चंद्रावरचा वाटावा असा. गंमत भेगांत आहे. पावसाने विरघळवलेल्या खोल चिरा, त्यांत वाऱ्यापासून आडोसा, आणि त्या आडोशात नेचे. वर थोड्याशा मातीत, मे महिन्यात, जेन्शियनचं गडद निळं फूल. आल्प्सच्या उंचीवरची झाडं आणि भूमध्य समुद्राकडची झाडं इथे हातभर अंतरावर, जवळपास समुद्रसपाटीला, शेजारी नांदतात. ती टिकली आहेत गुरांमुळे. एरवी डोंगराळ मुलखात गुरं उन्हाळ्यात वर जातात आणि थंडीत खाली येतात. बरनमध्ये ती थंडीत वर चढतात, कारण उन्हाळ्यात तापलेली चुनखडी ऊब धरून ठेवते आणि वरची जमीन कोरडी राहते. हिवाळाभर गुरं दांडगं गवत खाऊन टाकतात, उन्हाळ्यात खाली उतरतात, आणि फुलांना वर मोकळं आकाश मिळतं. पोलनाब्रोनची प्रसिद्ध शिळारचना, पातळ छप्पर तोलून धरलेली, समोरच उभी होती. पण त्याने आधी दहा मिनिटं चिरांत डोकवायला दिली. एकदा जमिनीशी ओळख झाल्यावर तिच्यावर उभं केलेलं दगडी घर परकं राहत नाही.

मोहरचे कडे २१४ मीटर उंच आहेत, गर्दी मोठी असते, वारा त्याहून मोठा. तिथलं अभ्यागत-केंद्र टेकडीच्या पोटात, गवताखाली दडवलं आहे, हे दाद देण्यासारखं. बाकी तिथे आमच्या गाइडने फक्त परतीची वेळ सांगितली, आणि योग्यच केलं.

त्या रात्री डूलिनमध्ये, पबमधल्या सेशनला, तो श्रोता म्हणून आला. एकच सूचना दिली: वाजवणाऱ्यांजवळची खुर्ची रिकामी दिसली तरी बसायचं नाही, ती उशिरा येणाऱ्या वादकाची. फिडल, टिन व्हिसल, बाउरॉन, मंच नाही, सगळे एकमेकांकडे तोंड करून. धून साधारण दोन भागांची, प्रत्येक भाग दोनदा. सगळी धून दोन-तीन वेळा फिरली की न थांबता दुसरी सुरू होते. ऐकायची जागा ती, तो सांधा. फिडलवाली बाई नुसती भुवई उचलते, सूर बदलतो, आणि लय तीच असूनही सगळं एकदम हलकं होऊन वर उठतं. नंतर एका म्हाताऱ्याने साथीशिवाय, आयरिश भाषेत, शान-नोस पद्धतीचं गाणं म्हटलं. शेवटचे दोन-तीन शब्द त्याने गायले नाहीत, बोलीच्या सुरात नुसते म्हणून टाकले. ही जुनी रीत आहे: गाणारा असा गाण्यातून उतरून पुन्हा आपल्यात येऊन बसतो. टाळीला उशीर झाला तो त्यामुळे.

रिंग ऑफ केरी हा १७९ किलोमीटरचा रस्ता अरुंद आहे, दोन बस समोरासमोर आल्या तर अडचण. म्हणून सगळ्या कोच किलार्नीहून घड्याळाच्या उलट दिशेने जातात. हा नुसता वाहतुकीचा शिरस्ता, पण त्याने काय साधलं आहे बघा. समुद्र सतत उजवीकडे. आधी डिंगलची खाडी, मग पश्चिमेच्या टोकाला, हवा स्वच्छ असेल तर, स्केलिग मायकेलचं सुळकेदार बेट, मग केनमेअरकडचा शांत किनारा. दिवसभर क्षितिज लांब गेलेलं असतं. शेवटी मॉल्स गॅपपाशी रस्ता डोंगरात शिरतो, आणि लेडीज व्ह्यूच्या वळणावर किलार्नीची तळी एकदम पायाखाली उघडतात. घड्याळाच्या दिशेने येणाऱ्या मोटारींना हेच दृश्य सकाळी, पहिल्या तासातच, मिळून जातं. गाइडने यात भर घातली ती एवढीच: दुपारच्या जेवणानंतर उजवी-डावी बाजू बदलायला लावली, म्हणजे समुद्र सगळ्यांच्या वाट्याला यावा. कुरकुर झाली. आरशात न बघता त्याने ती ऐकून घेतली.

शेवटचा मोठा थांबा कोव्ह. टायटॅनिकचं अखेरचं बंदर, ११ एप्रिल १९१२. सगळे याचीच वाट बघत होते. त्याने आधी नेलं ते धक्क्यावरच्या ॲनी मूरच्या पुतळ्याकडे. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कमधलं एलिस बेट उघडलं तेव्हा तिथे नोंद झालेली ही पहिली मुलगी, बरोबर दोन धाकटे भाऊ. किलरीचे वरंबे ज्यांनी सोडले त्यांची मुलंबाळं कुठल्या वाटेने गेली, हे सांगावंच लागलं नाही. मग टायटॅनिक, आणि तीही बुडणाऱ्यांची कथा नाही, उतरलेल्या माणसाची. फ्रान्सिस ब्राउन नावाचा तरुण जेझुइट, कॅमेरा घेऊन साउथॅम्प्टनला चढलेला. पुढे जायची इच्छा होती, पण वरिष्ठांनी परवानगी नाकारली आणि तो कोव्हला उतरला. जहाजावरचं आयुष्य दाखवणारे त्याचे फोटो म्हणून उरले. हिमनगाचा उल्लेख गाइडने केलाच नाही. ती गोष्ट आम्हाला ठाऊक होती, आणि आम्हाला ती ठाऊक आहे हे त्याला. कुणीतरी विचारलं, मग पुढे काय झालं त्या पाद्र्याचं? "फोटो काढत राहिला, खूप वर्षं," तो म्हणाला, रस्त्याकडे बघत, आणि त्याने गिअर टाकला.