ऐकण्याची परीक्षा, ऐकण्याचे शिक्षण

जगभरच्या इंग्रजीच्या वर्गांत ऐकण्याच्या तासाचा विधी ठरलेला आहे. आधी चित्र दाखवायचे, काय ऐकायला मिळेल याचा अंदाज बांधायला लावायचे, मग ध्वनिफीत वाजवायची, प्रश्न विचारायचे, उत्तरे तपासायची आणि हवे तर पुन्हा एकदा वाजवायची. ज्याला कळले त्याची उत्तरे बरोबर येतात. ज्याला कळले नाही त्याला फक्त आपले चुकले एवढेच कळते. कुठला आवाज निसटला, का निसटला, हे कोणी सांगत नाही. जॉन फील्ड यांनी ‘लिसनिंग इन द लँग्वेज क्लासरूम’ (२००८) या पुस्तकात याच दुखण्यावर बोट ठेवले: आपण ऐकणे शिकवत नाही, तपासतो. पुस्तक गाजले, पण विधी बहुतेक ठिकाणी तसाच चालू आहे.

हा विधीसुद्धा एके काळी सुधारणा म्हणूनच आला. त्याआधीच्या भाषा-प्रयोगशाळेत हेडफोन लावून ऐकायचे ते पोपटपंचीसाठी. त्यामानाने अर्थाकडे लक्ष द्या म्हणणे ही मोठीच झेप होती. स्टीफन क्रॅशन यांनी तर समजेल असे भरपूर कानावर पडू द्या, भाषा आपोआप येईल, असा दिलासा दिला. ‘भरपूर’ हे खरे. ‘आपोआप’बद्दल मला शंका आहे. वर्षानुवर्षे इंग्रजी चित्रपट पाहणारे आणि तरी खालच्या अक्षरांवरून नजर न हटणारे लोक आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत.

खरी अडचण फार खालच्या पातळीवर असते. बोलण्यात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, ती कानाने पाडावी लागते. इंग्रजी माणूस ती जोरावरून पाडतो. संभाषणातल्या अर्थवाही शब्दांपैकी सुमारे ९० टक्के शब्द जोरकस अक्षराने सुरू होतात, असे ॲन कटलर आणि डेव्हिड कार्टर यांनी १९८७ साली दाखवले. म्हणजे जोर ऐकू आला की नवा शब्द सुरू झाला असे धरायचे. बहुतेक वेळा ते बरोबर ठरते. मराठी कानाला ही सवय नाही. आपल्याकडे जोर बदलल्याने शब्द बदलत नाही, आणि प्रत्येक अक्षराला आपला वाटा मिळेल अशी आपली अपेक्षा असते. इंग्रजीत बिनजोराचे स्वर विरघळतात. ‘अँड’चा ‘न’ उरतो, ‘फॉर’चा ‘फ’. ‘कॅन’चे तर विचित्रच: होकारार्थी वाक्यात तो ‘कन’ होतो आणि नकारात ‘कॅ’ ठसठशीत राहून शेवटचा ‘ट’ अर्धवट गिळला जातो. आपला विद्यार्थी त्या ‘ट’ची वाट पाहत बसतो आणि नकाराला होकार समजतो. ‘कम्फर्टेबल’, ‘व्हेजिटेबल’ हे तर आपल्या घरातले शब्द. परक्या तोंडून ते ‘कम्फ्टबल’, ‘वेज्टबल’ होऊन आले की तोच विद्यार्थी गोंधळतो.

यात इंग्रजीचा काही खास दुष्टपणा नाही. ‘काय करतो आहेस’ असे पुस्तकात वाचून आलेल्या परदेशी माणसाला ‘काय करतोयस’ ऐकू आले, किंवा ‘नाही’चे ‘नै’ आणि ‘पाहिजे’चे ‘पायजे’ झाले, की त्याचीही हीच गत होते.

लॅरी व्हँडरग्रिफ्ट आणि क्रिस्टीन गो (२०१२) यांचा भर ऐकणाऱ्याच्या सजगतेवर आहे: आधी ठरवा, ऐकताना पडताळा, नंतर तपासा. शिस्त चांगली आहे. पण ज्याच्या कानात दहापैकी तीनच शब्द शिरतात, त्याच्या अंदाजाला लगाम उरत नाही. तो तीन शब्दांवर अख्खी गोष्ट रचतो आणि तिलाच चिकटून राहतो. रिचर्ड कॉल्डवेल यांचा मार्ग म्हणूनच मला जवळचा वाटतो. काचघरातला सुटा उच्चार, बागेतला जोडलेला उच्चार आणि जंगलातला वेगवान, मोडका उच्चार असे तीन थर ते मांडतात, आणि शिक्षकाने वर्गाला जंगलात न्यावे असे सांगतात. तक्रार एकच: त्यांचे जंगल प्रामुख्याने ब्रिटिश आहे. पुण्यातल्या कंपनीत रुजू झालेल्या मुलीला चेन्नईचा व्यवस्थापक आणि टेक्सासचा ग्राहक एकाच दिवशी ऐकायचे असतात.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने ‘वुई लर्न इंग्लिश’सारखा रेडिओ कार्यक्रम करून शाळेत वेगळा आवाज पोचवला. सीबीएसईने मागच्या दशकात बोलण्या-ऐकण्याचे मूल्यमापन आणले. म्हणजे पुन्हा मूल्यमापनच. मराठी माध्यमाच्या वर्गात आजही मुलांच्या कानावर मुख्यतः पडते ते बाईंनी किंवा सरांनी सावकाश, शब्द तोडून वाचलेले पाठ्यपुस्तक. म्हणजे काचघरच. मोबाइलवर वेग कमी करण्याची सोय आहे, पण गिळलेला आवाज सावकाश वाजवल्याने परत येत नाही, नुसता लांबतो.

उपाय मात्र महागडा नाही. जुनाट म्हणून अडगळीत टाकलेले श्रुतलेखन वेगळ्या रूपात परत आणता येईल. खऱ्या संभाषणाचा दहा सेकंदांचा तुकडा घ्यावा, चार-पाच वेळा वाजवावा, मुलांना ऐकू आले तसे देवनागरीत लिहू द्यावे आणि मग मूळ वाक्य शेजारी मांडावे. देवनागरी इथे हाताशी आलेले हत्यार आहे: ‘व्हॉट डू यू वाँट टु डू’च्या शेजारी मुलाने लिहिलेले ‘वडयवॉनडू’ दिसले की नेमके काय गळाले ते फळ्यावरच दिसते. मराठी कानाच्या अशा नेहमीच्या चुका गोळा करून बेतलेले शिक्षक-पुस्तक अजून तरी माझ्या पाहण्यात आलेले नाही.