एग बेटाची वीज आणि स्वयंपूर्णतेची कल्पना

लहान व एकाकी वस्तीने पाणी, वारा व ऊन यांच्या बळावर आपली वीज आपणच निर्माण करावी, या विचाराच्या समर्थनार्थ स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील एग बेटाचे उदाहरण वारंवार दिले जाते. उदाहरण योग्यच आहे. परंतु त्यातून सामान्यतः जे निष्कर्ष काढले जातात ते तपासून पाहणे अवश्य आहे. यशाचे श्रेय यंत्रसामग्रीला दिले जाते आणि बेट ‘स्वयंपूर्ण’ झाले असे म्हटले जाते. या दोन्ही विधानांत तथ्याचा अंश आहे. तथापि दोन्ही अपुरी आहेत.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. सुमारे 31 चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या आणि शंभराच्या आसपास लोकवस्तीच्या या बेटास मुख्य भूमीवरील वीजजाळ्याची जोड नाही. पूर्वी बहुतेक घरे आपापल्या डिझेल जनित्रावर अवलंबून असत. 1 फेब्रुवारी 2008 रोजी सामायिक योजना सुरू झाली. तीत सुमारे 100 किलोवॉटचा एक मोठा व दोन लहान जलविद्युत् संच, प्रत्येकी 6 किलोवॉटच्या चार पवनचक्क्या आणि 10 किलोवॉटची सौरपॅनेले होती. सौरपॅनेलांची शक्ती पुढे 50 किलोवॉटपर्यंत वाढविण्यात आली. हिवाळ्यात पाऊस व वारा, उन्हाळ्यात ऊन, अशी ही परस्परपूरक रचना असून, उणीव भरून काढण्यासाठी बॅटऱ्यांचा संच व डिझेल जनित्रे आहेत. विजेचा सुमारे नऊदशांश किंवा त्याहून अधिक भाग नैसर्गिक स्रोतांतून मिळतो.

ही यंत्रे कोणासही विकत घेता येतात. योजनेचे खरे वैशिष्ट्य आहे ते मर्यादेत. प्रत्येक घराने एका वेळी 5 किलोवॉटपेक्षा अधिक वीज ओढावयाची नाही. व्यवसायांना ही मर्यादा 10 किलोवॉटची आहे. ती ओलांडल्यास पुरवठा खंडित होतो. महिन्याकाठी किती वीज वापरावी यावर हे बंधन नसून एका क्षणी किती ओढावी यावर आहे, हा भेद महत्त्वाचा होय. लहान योजनेस एकाच वेळी उसळणारी मागणी विशेष घातक ठरते. शिवाय केवळ दर वाढवून मागणी आवरली असती, तर संपन्नास मुभा व गरिबास काटकसर असा न्याय झाला असता. येथे सर्व घरांना मर्यादा सारखीच आहे. उलटपक्षी, बॅटऱ्या भरून वीज शिल्लक राहिली म्हणजे ती सार्वजनिक इमारती उबदार ठेवण्याच्या कामी येते.

अशी मर्यादा लोक का मानतात? 1997 पर्यंत बेट खाजगी जमीनमालकांच्या हाती होते आणि भाडेकरूंना आपल्या घराची शाश्वती नव्हती. त्या वर्षी रहिवाशांचा सहभाग असलेल्या न्यासाने बेट विकत घेतले. वीजयोजना त्यानंतर अकरा वर्षांनी आली, हा क्रम आकस्मिक नाही. वीज देणारी संस्था आपलीच असल्यामुळे मर्यादा हा बाहेरून लादलेला नियम न राहता आपसांतील करार झाला.

स्वयंपूर्णतेच्या दाव्याबाबत मात्र अधिक सावधगिरी हवी. योजनेस 16 लक्ष पौंडांहून अधिक खर्च आला. त्यात रहिवाशांनीही भर घातली. तथापि युरोपीय निधी व राष्ट्रीय लॉटरीचे अनुदान यांचा वाटा मोठा होता. बॅटऱ्यांचे आयुष्य मर्यादित असते आणि बदलीची यंत्रे बोटीनेच आणावी लागतात. नऊदशांशाचे प्रमाणही फक्त विजेचे आहे. वाहने आणि घरांची ऊब त्यात पूर्णपणे येत नाहीत. या गरजाही विजेवर भागवावयाच्या ठरल्या तर 5 किलोवॉटची मर्यादा कितपत टिकेल, ही या योजनेची खरी कसोटी आहे. मर्यादा वाढवावी तर नवे भांडवल हवे. न वाढवावी तर इंधन बाहेरून आणणे चालूच राहील.

तेव्हा एगने सिद्ध केले ते स्वयंपूर्णत्व नव्हे. मालकी सामायिक असेल तर टंचाईची वाटणी न्याय्य रीतीने करता येते, हे त्या बेटाने दाखविले. हा निष्कर्ष अधिक मर्यादित असला तरी अधिक भक्कम आहे. यंत्रांची यादी उचलून अन्यत्र नेणारा मालकीचा व मर्यादेचा प्रश्न मागे ठेवून गेला, तर त्याच्या हाती केवळ पवनचक्क्या लागतील; योजना लागणार नाही.