साती आसरा व कोसंबींचा ग्रंथ

बारामती-इंदापुराकडे नदीकांठीं वा विहिरीवर शेंदूर माखलेले सात तांदळे दिसतात; त्या साती आसरा. तामिळनाडूंतील इरुळ वनवासीही सप्तकन्यांस भजतात. कन्नियम्मा ही त्यांतलीच. अशा देवतांच्या जिज्ञासूनें दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा 'मिथ अँड रिॲलिटी' (१९६२) हा ग्रंथ अवश्य वाचावा. पुण्याच्या आसपास पायीं हिंडून त्यांनीं मातृदेवतांचीं ठाणीं शोधिलीं व त्यांचा प्राचीन सूक्ष्म अश्मास्त्रांशीं संबंध जोडिला. हें श्रेय मोठें. परंतु देवता म्हणजे गतकाळाचा अवशेष, ही दृष्टि आम्हांस अपुरी वाटते. १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणानें इंदापुराकडील भीमेचा जुना कांठ बुडविला. आसरांचें भय बुडालें नाहीं. लेंकरासाठीं ओटी भरणाऱ्या बाईला देवी किती जुनी हें ठाऊक नसतें. पाणी किती खोल हें ठाऊक असतें. तिचें म्हणणें या ग्रंथांत आम्हांस फारसें ऐकूं आलें नाहीं.