फेड्राचा प्रमाद आणि आर्चीचा फोन

शोकात्मिका शिकवताना आम्ही प्राध्यापक मंडळी अॅरिस्टॉटलपासून निघतो आणि नायकाच्या 'प्रमादा'पाशी येऊन थांबतो. कोरेगावच्या वर्गात युरिपिडीसची फेड्रा शिकवून झाल्यावर मी मुलांना विचारले, 'सैराट'मधल्या आर्चीचा प्रमाद कोणता? बराच वेळ कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, तिनं आईला फोन केला." मला पुढे शिकवता आले नाही. तिचे उत्तर चुकीचे होते, पण प्रश्न त्याहून चुकीचा होता. आणि तो मीच विचारला होता.

फेड्राची गोष्ट अशी. इ. स. पूर्व ४२८ मधल्या 'हिप्पोलिटस' या नाटकात ती सावत्र मुलाच्या प्रेमात पडते. हे प्रेम तिने निवडलेले नाही. हिप्पोलिटस आपल्याला मानत नाही म्हणून कोपलेल्या आफ्रोदिती देवीने ते तिच्यावर लादले आहे. ती कुढते, दाई गुपित फोडते, फेड्रा गळफास घेते. पण मरताना हिप्पोलिटसवर खोटा आळ ठेवून जाते. येथे देवीचा कोप आहे आणि फेड्राचा स्वतःचा दोषही आहे. म्हणून नियती, प्रमाद हे शब्द येथे लागू पडतात.

आता नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या चित्रपटातली आर्ची पाहा. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी पाटलाची मुलगी मासेमारी करणाऱ्या घरातल्या परश्याला स्वतः निवडते. तिने कोणावर आळ घेतला नाही. हैदराबादच्या झोपडपट्टीत राहिली, कारखान्यात राबली. परश्याने संशय घेऊन हात उचलला तेव्हा निघून गेली आणि आपल्याच निर्णयाने परत आली. (चळवळीतल्या आपल्या तरुणांनी हा प्रसंग पुन्हा एकदा पाहावा. पुरुषीपणा फक्त वाड्यातच असतो असे नाही.) संसार उभा राहिला, मूल झाले. मग आईला फोन. मग आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन दारात आलेला भाऊ आणि नातेवाईक. तिने त्यांच्यासाठी चहा टाकला. पुढचे आपल्याला ठाऊक आहे.

यात देव कोठे आहे? हाच भाऊ, प्रिन्स, पूर्वार्धात भर वर्गात प्राध्यापक लोखंडे यांच्या कानाखाली मारतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. तो प्रसंग पाहताना माझा हात नकळत गालावर गेला. मास्तरवर उठलेला हात आणि बहिणीवर चाललेला हात एकच आहे. त्या हाताला नियती म्हणणे म्हणजे आरोपीला साहित्यशास्त्राचा जामीन देणे होय.

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म सजातीय विवाहात आहे, हे दाखवून दिले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही ती चौकट राखण्याची साधने होती. म्हणजे जातीच्या दाराची कडी बाईच्या देहाला लावलेली आहे. १९३६ मध्ये त्यांनी आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय असल्याचे सांगितले. आर्चीने ती कडी काढली, एवढाच तिचा गुन्हा. सोनई येथे २०१३ च्या पहिल्याच दिवशी तीन दलित तरुण मारले गेले, तेही याच दारापाशी. त्याबद्दल नाशिकच्या न्यायालयाने २०१८ मध्ये सहा जणांना दोषी ठरवले. न्यायालयाने माणसे दोषी ठरवली, दैव नव्हे. समीक्षेला एवढे का जमू नये?

अॅरिस्टॉटलला प्रेक्षकाच्या करुणेचे आणि भीतीचे विरेचन हवे होते. 'सैराट' पाहून महाराष्ट्र रडला. रडून मोकळा झाला आणि घरी जाऊन सोयरीक जातीतच जुळवू लागला. आपल्याला हे विरेचन नको आहे. रक्ताची पावले उमटवत घराबाहेर आलेले ते लेकरू आपल्या डोळ्यांपुढून हलता कामा नये.

पुढच्या तासाला मी वर्गात सांगितले की फोन हा प्रमाद नव्हे. प्रमाद आर्चीचा नाहीच. तीच मुलगी पुन्हा उठली. "परीक्षेत असं लिहिलं तर गुण मिळतील का, सर?"

माझ्या प्राध्यापक मित्रांपुढे मी हा प्रश्न ठेवतो. उत्तरपत्रिका आपणच तपासतो.